चेंबर पॅकिंग साडेतीनशेचं, पण परत आलेली गाडी कितीला पडते?



गॅरेज टाकायचं म्हणणाऱ्या तरुणाला मी एक प्रश्न हमखास विचारतो. इंजिनच्या ऑइल चेंबरचं पॅकिंग बदलायची मजुरी किती घेशील? बहुतेक वेळा उत्तर येतं, "बाजारात जो रेट चालू असेल तो." मग मी दुसरा प्रश्न विचारतो. त्या रेटमध्ये गाडी परत गळत आली तर खर्च कोणाचा? यावर मात्र शांतता.

आजचा लेख या शांततेवर आहे. पाना कसा धरायचा हे व्हिडिओत दाखवता येतं. रेट कसा धरायचा हे बसून, कागदावर लिहून बघावं लागतं. माझं मत आधीच सांगतो: चेंबर पॅकिंगचं काम गळतं ते बहुतेक वेळा हात कच्चा असल्यामुळे गळत नाही. ज्या वेळेत आणि ज्या पैशात ते घेतलेलं असतं, त्यात ते नीट होणंच शक्य नसतं, म्हणून गळतं. गळती थांबवायची असेल तर आधी रेट आणि डिलिव्हरीची वेळ बदला.

संगमनेरमध्ये हे काम कायम येणार

ज्यांना गाड्यांतलं फारसं माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. इंजिनच्या तळाला जी परात असते, जिच्यात ऑइल साठतं, ती ऑइल पॅन. आपल्याकडे सगळे तिला चेंबर म्हणतात. इंजिनचा ब्लॉक आणि हे चेंबर यांच्यामध्ये कॉर्क, रबर किंवा कागदी पॅकिंग असतं. नव्या बऱ्याच इंजिनांमध्ये पॅकिंगच नसतं, नुसतं सिलिकॉन लावून चेंबर बसवतात. पॅकिंग उष्णतेने कडक झालं, चेंबरला खालून दगड लागला, किंवा आधीच्या माणसाने बोल्ट जास्त आवळले, की थेंब पडायला लागतात.

आता आपला तालुका बघा. पुणे-नाशिक हायवेवरची वाहतूक, चंदनापुरीचा घाट, पठार भागातले खडीचे रस्ते, दुधाच्या गाड्या, टोमॅटो-कांद्याचे पिकअप, आणि हंगामात अमृतनगरच्या कारखान्याला ऊस ओढणारे ट्रॅक्टर. चढाला लोड घेऊन चालणारी आणि खालून दगड खाणारी गाडी म्हणजे चेंबरचं काम आलंच. त्यामुळे काम मिळेल का ही काळजी करू नका. मिळालेलं काम परत येईल का, ही काळजी करा.

आधी हिशेब

खालचे आकडे समजायला सोपे म्हणून धरले आहेत. तुमच्या गॅरेजचे खरे आकडे तुम्ही टाका.

समजा तुम्ही मजुरी ८०० रुपये घेता. पॅकिंग आणि ऑइलचे पैसे गिऱ्हाईक वेगळे देतं. काम उरकायला तीन तास. महिन्यात अशी दहा कामं केली, म्हणजे ८,००० रुपये. घाईत केलेल्या दहापैकी तीन गाड्या गळत परत आल्या असं धरू. परत आलेल्या गाडीला नवीन पॅकिंग ३५० चं, सिलिकॉन २०० चं, वरून भरायला ऑइल ३०० चं, क्लीनर १०० चा. एकूण ९५० रुपये, आणि हे तुमच्या खिशातून, कारण गिऱ्हाईक दुसऱ्यांदा पैसे देणार नाही आणि देऊही नये.

तीन गाड्यांचे झाले २,८५०. तुमच्या हातात उरले ५,१५०. आणि तास किती गेले? तीस अधिक नऊ, म्हणजे ३९. तासाला साधारण १३२ रुपये. यातून भाडं, लाइटबिल आणि पोऱ्याचा पगार जायचाय.

आता दुसरा हिशेब. मजुरी १,५०० घ्या, काम साडेचार तासांचं करा. दहापैकी चार गिऱ्हाइकं "महाग आहे" म्हणून निघून गेली. सहा राहिली. ९,००० रुपये झाले. त्यातली एक तरीही परत आली असं धरू, ९५० गेले. राहिले ८,०५०. तास लागले साडेएकतीस. तासाला साधारण २५५ रुपये.

चार गिऱ्हाइकं गेली आणि तरी तासाची कमाई जवळपास दुप्पट झाली. ज्यांच्या गाड्या गळाल्या ती तीन माणसं बाजारात काय बोलतात, तो खर्च तर मी धरलेलाच नाही. संगमनेर एवढंही मोठं नाही की एका दूधवाल्याची तक्रार दुसऱ्या दूधवाल्याला कळणार नाही.

वाढवलेले दीड तास कशाला?

रेट वाढवायचा तर गिऱ्हाइकाला सांगता आलं पाहिजे की जास्तीचे पैसे कशाचे. हे दीड तास कुठे जातात ते नीट समजून घ्या, कारण तुम्ही खरं विकताय ते हेच.

१. गळतंय कुठून हे शोधणं. ऑइल खाली वाहतं, आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे उडतं. त्यामुळे वरचं टॅपेट कव्हर गळत असलं तरी ओलं चेंबरच दिसतं. ऑइल फिल्टरची बैठक, ऑइल प्रेशर स्विच, क्रँकचं पुढचं आणि मागचं सील, ड्रेन बोल्टचा वॉशर, यातलं काहीही असू शकतं. इंजिन खालून-वरून धुवा, कोरडं करा, थोडी टाल्कम पावडर मारा, इंजिन चालू करून गरम होऊ द्या, मग टॉर्च घेऊन बघा. पावडर पहिल्यांदा जिथे ओली होते तिथून गळती. हे न करता चेंबर खोललं आणि गळती मागच्या सीलची निघाली, तर तुमचं पॅकिंग उत्तम बसलेलं असूनही गिऱ्हाइकाच्या लेखी तुम्ही नापास.

२. साफसफाई. या कामाचा निम्मा जीव इथे आहे. जुनं पॅकिंग आणि जुनं सिलिकॉन दोन्ही बाजूंनी पूर्ण काढायचं. चेंबर अॅल्युमिनियमचं असेल तर लोखंडी पत्र्याने खरवडू नका, ओरखडा पडला की तिथून ऑइलला वाट मिळते. ग्राइंडरला घासायची चकती लावून ब्लॉक साफ करू नका, तिची बारीक भुकटी इंजिनमध्ये राहिली तर बेरिंग खाते. शेवटी क्लीनरने पुसा आणि कोरड्या स्वच्छ फडक्याने तपासा. फडक्याला तेलकटपणा आला की परत पुसा. ब्लॉकवरून ऑइल ठिबकत असेल तर ठिबकणं थांबेपर्यंत थांबा. ओल्या कडेला सिलिकॉन धरत नाही, मग ते कितीही महाग असो.

३. चेंबरची कड सरळ करणं. पत्र्याचं चेंबर असेल तर बोल्टच्या भोकांभोवती पत्रा आत दबलेला असतो. आधी कोणीतरी जोर लावून आवळल्याची ती खूण. स्टीलची पट्टी कडेवर ठेवा आणि पलीकडून टॉर्च मारा. भोकापाशी उजेड दिसला तर खाली लाकडाचा सपाट ठोकळा धरून हातोडीने हलके ठोकत पत्रा सपाट करा. हे न करता नवीन पॅकिंग टाकलं तर दोन बोल्टांच्या मधे दाब कमी पडतो आणि थेंब तिथूनच येतो.

४. जाळी बघणं. चेंबर खाली आलंच आहे तर ऑइल पंपाची जाळी तपासा. तिच्यात जुन्या सिलिकॉनचे तुकडे सापडले तर फोटो काढून गिऱ्हाइकाला दाखवा. चेंबरच्या तळाला धातूची चमक दिसली तर तेही दाखवा, बेरिंग झिजत असल्याची ती सूचना असू शकते.

"जास्त सिलिकॉन म्हणजे जास्त सेफ" हा गैरसमज

यावर मला थोडं कडक बोलायचंय. बऱ्याच ठिकाणी गळती बंद करण्याचा उपाय म्हणजे सिलिकॉनची अख्खी ट्यूब. बाहेरून दिसायला छान, काळ्या-राखाडी सिलिकॉनची जाड कड. पण चेंबर दाबलं की जेवढं सिलिकॉन बाहेर येतं तेवढंच आतही जातं. आतली कड कधीतरी तुटते, ऑइलमध्ये तरंगत जाळीला जाऊन बसते, पंपाला ऑइल कमी मिळतं, प्रेशर पडतं आणि इंजिन जाम होऊ शकतं. थेंब बंद करायला गेलात आणि दूधवाल्याचं इंजिन घालवून बसलात. शेतकऱ्याच्या घरात बहुतेक वेळा ती एकच गाडी असते आणि तिचा हप्ता चालू असतो. इथे प्रश्न ३५० च्या पॅकिंगचा राहत नाही.

नियम साधे आहेत. साच्यातलं रबरी पॅकिंग असेल तर ते कोरडंच बसवा. सिलिकॉनचा बारीक ठिपका फक्त तिथे, जिथे टायमिंग कव्हर किंवा मागची सील-कॅप ब्लॉकला भेटते आणि कंपनीने सांगितलंय. नुसत्या सिलिकॉनचं चेंबर असेल तर कंपनीने सांगितलेल्या जाडीची, साधारण ३ ते ५ मिमीची, न तुटलेली एक रेघ बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने फिरवा. साधारण दहा मिनिटांत सिलिकॉनवर साय धरते, त्याआधी चेंबर वर गेलं पाहिजे. म्हणून बोल्ट, पाना आणि मदतीचा माणूस आधी तयार ठेवा. ट्यूब त्यानंतर उघडा.

टॉर्क रेंच हा खर्च नाही का? आहे. तरी घ्या.

चेंबरचे बोल्ट बहुतेक छोट्या गाड्यांत ६ मिमीचे, १० नंबर पान्याचे असतात. त्यांना लागणारा टॉर्क बऱ्याच इंजिनांत ८ ते १२ न्यूटन मीटरच्या आसपास. म्हणजे १५ सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण सात किलोचा जोर. व्हीलनट सोडायची सवय असलेल्या हाताला हा जोर कळतच नाही. तो "अजून थोडं" करतो आणि कॉर्क चिरतो, पत्रा दबतो, नाहीतर अॅल्युमिनियमच्या ब्लॉकमधले आटे जातात. आटे गेले की साडेचार तासांचं काम दोन दिवसांचं झालं.

त्यामुळे छोट्या रेंजचा, ५ ते २५ न्यूटन मीटरचा टॉर्क रेंच घ्या. व्हीलनटचा मोठा रेंच इथे कामाचा नाही. नेमका आकडा त्या-त्या इंजिनच्या मॅन्युअलमधूनच घ्या, अंदाजाने नको. बोल्ट आधी सगळे हाताने लावा, मग मधून बाहेर, समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. बंद भोकांत ऑइल साचलं असेल तर आधी हवा मारून काढा, नाहीतर टॉर्क आला असं वाटतं आणि बोल्ट बसलेलाच नसतो. सिलिकॉनवर बसवलेलं चेंबर पकल्यावर परत आवळू नका, धरलेला थर तुटतो.

पीएमईजीपी किंवा सीएमईजीपीची फाइल करताय ना? मशिनरीच्या यादीत दोन पोस्ट लिफ्टच्या खाली या रेंचची ओळ टाका. आणि हो, चेंबरखाली झोपताना गाडी नुसत्या जॅकवर कधीच नाही, स्टँडवर. यात सूट नाही.

"दादा, सकाळी दूध न्यायचंय"

आता सगळ्यात अवघड भाग. गिऱ्हाईक दुपारी येतं आणि म्हणतं, "दादा, सकाळी दूध न्यायचंय, संध्याकाळपर्यंत करून द्या ना." त्याचंही खरंच आहे. दुधाला दोन वेळा असतात, गाडीला सुट्टी नसते. आणि तुम्हाला वाटतं, नाही म्हटलं तर गिऱ्हाईक जाईल.

पण सिलिकॉनला घाई कळत नाही. बहुतेक सिलिकॉन पूर्ण पकायला २४ तासांपर्यंत लागतात, ट्यूबवर लिहिलेलं असतं. ते हवेतल्या ओलाव्याने पकतं. आपल्याकडे मार्च ते मे हवा कोरडी असते, तेव्हा जास्तच वेळ लागू शकतो. संध्याकाळी ऑइल भरून गाडी दिली आणि पहाटे ती लोड घेऊन निघाली, तर तुमचं सगळं नीट केलेलं काम एका फेरीत वाया.

मग करायचं काय? नाही म्हणायच्या आधी पर्याय द्या. पहिला, त्या इंजिनला साच्यातलं रबरी पॅकिंग मिळतं का बघा, थांबण्याचा वेळ बराच कमी होतो. दुसरा, गळती थेंब-थेंब असेल तर आज फक्त ऑइलची पातळी बघून द्या, रोज डिपस्टिक बघायला सांगा, आणि सोयीच्या दिवसाची तारीख पक्की करा. तिसरा, गावातल्या दोन-तीन टेम्पोवाल्यांशी आधीच बोलून ठेवा. गिऱ्हाइकाच्या एक-दोन फेऱ्या बदली गाडीने होऊ शकल्या तर तो तुमच्याकडे गाडी निवांत सोडतो. बदली गाडीचं भाडं गिऱ्हाइकाचं, जुळणी तुमची. ही जुळणी करून देणारं गॅरेज दूधवाला सहजासहजी सोडत नाही.

गाडी सोडायच्या आधी ट्रायल घ्या. जागेवर दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून खालून बघा. मग चंदनापुरीचा घाट चढून या आणि परत खालून बघा. चढाला इंजिन गरम होतं, ऑइल पातळ होतं, खरी परीक्षा तिथे. या ट्रायलचं डिझेल तुमच्या १,५०० मध्ये धरा.

कोणतं काम घेऊच नये

दोन गाड्या ओळखायला शिका.

पहिली, जिचं इंजिन आतून थकलंय. चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण सावकाश काढून बघा. जोरात धूर आणि हवा फेकत असेल तर रिंगा झिजल्या असण्याची शक्यता मोठी. आधी ब्रीदरचा पाइप साफ करून बघा, तो तुंबला तरी आत दाब वाढतो. ब्रीदर साफ असूनही दाब असेल, तर तुम्ही कितीही छान पॅकिंग बसवा, आतला दाब कुठून तरी ऑइल बाहेर काढणारच. अशा गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा: "भाऊ, हे पॅकिंगचं दुखणं नाही, इंजिनचं आहे. मी पॅकिंग बदलून देईन, पण गळती थांबेल असं लिहून देणार नाही."

दुसरा, ट्रॅक्टर. बऱ्याच ट्रॅक्टरचं चेंबर जाड ओतीव लोखंडाचं असतं आणि पुढचा भार त्याच्यावरच असतो. तिथे चेंबर उतरवायचं म्हणजे ट्रॅक्टर पुढून सोडवायचा. पिकअपच्या रेटमध्ये हे काम तोंडी कबूल केलंत की दोन दिवस फुकट गेले. मॉडेल बघितल्याशिवाय रेट सांगू नका.

"आपल्याकडे एवढे पैसे कोण देतं?"

हा आक्षेप मला माहीत आहे, आणि तो खोटा नाही. काही लोक खरंच ८०० वाल्याकडे जातील. जुनी, विकायला काढलेली गाडी असेल तर त्यांनी तिकडे जाणं बरोबरही आहे. पण रोज गाडीवर पोट असलेला माणूस मजुरीबरोबर बुडालेला दिवसही मोजतो. त्याला ७०० रुपये जास्त देण्याचं कारण समजलं तर तो देतो. कारण समजावणं हे तुमचं काम. तेही तोंडी नको, कागदावर.

जॉबकार्डवर चार ओळी लिहा: गळती कुठून सापडली, कोणतं पॅकिंग किंवा सिलिकॉन वापरलं, बोल्ट किती टॉर्कला आवळले, आणि हमी किती दिवसांची व कशाची. खाली दगड लागला तर हमी नाही, हेही लिहा. जुनं पॅकिंग पिशवीत घालून परत द्या. यात तुमचंही संरक्षण आहे. पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली येते आणि सेवेतल्या त्रुटीबद्दल ग्राहक जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो. वाद झाला तर "मी नीट केलं होतं" या वाक्यापेक्षा जॉबकार्ड जास्त बोलतं.

आणि एक शेवटचं. काढलेलं काळं ऑइल गटारात सोडू नका. आपलं गटार शेवटी प्रवरेकडेच जातं. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं आणि ते परवानाधारकालाच द्यायचं असतं. ड्रम ठेवा, तारीख आणि लिटर वहीत लिहा.

या आठवड्याचा गृहपाठ

गॅरेज चालू असेल तर गेल्या तीन महिन्यांत परत आलेल्या गाड्यांची यादी करा. प्रत्येकीपुढे खिशातून गेलेले रुपये आणि तास लिहा, मग वरच्या हिशेबात तुमचे आकडे टाकून तासाची कमाई काढा. गॅरेज अजून टाकायचं असेल तर दोन चालू गॅरेजमध्ये जाऊन चेंबरच्या कामाचा रेट विचारा आणि सोबत हेही विचारा, "गळलं तर काय?" उत्तरं वहीत लिहून ठेवा. तुमचं रेटकार्ड बनवायला तीच कामाला येतील.

पुढच्या व्हिडिओत आपण हेच जॉबकार्ड एका पानात कसं बसवायचं ते बघणार आहोत. तोपर्यंत हिशेब करा, आणि मगच रेट सांगा.